औषध पोहोचले, परिचारिका मागे राहिली : मद्रासच्या क्षयरोग-प्रयोगाचा इतिहास

क्षयरोग झालेला माणूस आपल्या घरी राहून, घरचेच अन्न खाऊन, रोजची औषधे घेऊन बरा होऊ शकतो, याचे आज कोणाला नवल वाटत नाही. सत्तर वर्षांपूर्वी मात्र हे विधान धाडसाचे मानले गेले असते. क्षयरोग म्हणजे सॅनेटोरियम, हे समीकरण तेव्हा जगभर रूढ होते. मोकळी हवा, संपूर्ण विश्रांती, दूध-अंडी-मांसाचा सकस आहार आणि कुटुंबापासून कित्येक महिन्यांची ताटातूट हा उपचाराचा पाया होता. भोवाली, मदनपल्ली, मिरज, पाचगणी ही नावे आपल्या आजी-आजोबांच्या पिढीला याच संदर्भात ठाऊक होती. हे समीकरण मोडले ते मद्रास शहरात, १९५६ नंतरच्या काही वर्षांत. त्या घटनेचा इतिहास बहुधा औषधांचा आणि डॉक्टरांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. तो खरे पाहता परिचारिकांचाही इतिहास आहे. त्यांचा भाग वगळला, तर पुढे काय बिघडले याचा उलगडा होत नाही.

प्रारंभी त्या काळातील भारताची स्थिती पाहू. सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४६ मध्ये देशाच्या आरोग्याचा ताळेबंद मांडला. दाटीवाटीच्या घरांत खोकणारी माणसे असलेल्या वस्त्या शहराशहरांत होत्या. आणि क्षयरोगाने दर वर्षी सुमारे पाच लाख माणसे दगावत असावीत, असा समितीचा अंदाज होता. रुग्णांची संख्या लाखांत आणि त्यांच्यासाठीच्या खाटा अवघ्या काही हजार. परिचारिकांचे प्रमाण तर याहून विदारक होते. समितीच्या हिशेबाप्रमाणे देशात सुमारे सात हजार परिचारिका होत्या, म्हणजे दर ४३,००० लोकांमागे एक. घरोघरी जाऊन माता-बालकांची पाहणी करणाऱ्या हेल्थ व्हिजिटर जेमतेम साडेसातशे, म्हणजे दर चार लाखांमागे एक.

या तुटवड्यामागे केवळ पैशाची चणचण नव्हती. परक्याच्या देहाला स्पर्श करण्याचे, मलमूत्र उचलण्याचे, रात्रपाळीला घराबाहेर राहण्याचे काम करणाऱ्या स्त्रीकडे समाज आदराने पाहत नसे. त्यामुळे या व्यवसायात दीर्घकाळ ख्रिस्ती आणि अँग्लो-इंडियन स्त्रियांचाच भरणा होता. तरीही व्यवसायाची संघटना लवकर उभी राहिली. ‘ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडिया’ ही संस्था १९०८ मध्ये स्थापन झाली आणि १९१२ मध्ये ती आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेशी संलग्न झाली. देश स्वतंत्र होण्याच्या पस्तीस वर्षे आधी भारतातील परिचारिकांना एका जागतिक व्यासपीठावर जागा मिळाली होती, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर या क्षेत्रात हालचाल वाढली. १९४६ मध्ये दिल्लीत आणि वेल्लोर येथे परिचर्येचे पदवी-शिक्षण सुरू झाले. १९४७ मध्ये भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला. राजकुमारी अमृत कौर स्वतंत्र भारताच्या पहिल्या आरोग्यमंत्री झाल्या. १९५० मध्ये जागतिक आरोग्य सभेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले आणि ते भूषवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. केंद्र सरकारात परिचर्येची धुरा तेहमिना अद्रनवाला यांच्याकडे होती. जागतिक आरोग्य संघटनेतही परिचर्येचा स्वतंत्र विभाग आकाराला येत होता. इंग्लंडच्या ऑलिव्ह बॅगली या संघटनेच्या पहिल्या परिचर्या-अधिकारी. त्यांच्यानंतर १९५४ मध्ये कॅनडाच्या लाइल क्रीलमन यांनी सूत्रे घेतली आणि १९६८ पर्यंत सांभाळली. परदेशी परिचारिकेने दुसऱ्या देशात जाऊन रुग्णसेवा करीत बसायचे नाही, तर तेथील परिचारिकांना शिकवून स्वतः बाजूला व्हायचे, हे त्या काळच्या सहकार्यामागील तत्त्व होते.

क्षयरोगाच्या क्षेत्रात या सहकार्याचे पहिले मोठे दर्शन बीसीजी मोहिमेत घडले. दुसऱ्या महायुद्धानंतर डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन या देशांतील मदतसंस्थांनी युनिसेफच्या साहाय्याने लसीकरणाची आंतरराष्ट्रीय मोहीम हाती घेतली. १९४८ मध्ये ती भारतात आली. स्कँडिनेव्हियातून आलेल्या डॉक्टर-परिचारिकांच्या तुकड्यांनी येथील कर्मचाऱ्यांना ट्युबरक्युलिन चाचणी आणि लस टोचण्याचे तंत्र शिकवले. त्वचेच्या अगदी वरच्या थरात नेमकी मात्रा सोडणे हे वरवर सोपे, पण सरावाने साधणारे कौशल्य आहे. सुई थोडी खोल गेली तरी चाचणीचे वाचन चुकते. हे हस्तकौशल्य एका देशातील बोटांकडून दुसऱ्या देशातील बोटांकडे गेले. लस मात्र झालेला रोग बरा करीत नाही. आजारी असलेल्या लाखो माणसांचे काय, हा प्रश्न उरलाच.

त्याचे उत्तर प्रयोगशाळांनी दिले होते. १९४४ मध्ये स्ट्रेप्टोमायसिनचा शोध जाहीर झाला. पाठोपाठ पॅरा-अमिनो सॅलिसिलिक आम्ल, म्हणजे ‘पास’ आले. १९५२ मध्ये आयसोनियाझिडने आशा पल्लवित केल्या. आयसोनियाझिड स्वस्त होते, तोंडाने घेता येत होते आणि प्रभावी होते. एकच औषध दिले तर जंतू त्याला दाद देईनासे होतात, म्हणून दोन औषधे एकत्र द्यावीत, हेही ब्रिटनमधील चाचण्यांतून कळले होते. औषधे जर इतकी समर्थ असतील, तर खाटेची गरज खरोखर किती? श्रीमंत देशांत हा प्रश्न सोयीचा होता. भारतात तो जीवनमरणाचा होता, कारण येथे सर्वांसाठी खाटा बांधून होईपर्यंत दोन पिढ्या संपल्या असत्या.

या प्रश्नाचा निकाल लावण्यासाठी १९५६ मध्ये मद्रासच्या चेटपेट भागात ‘ट्युबरक्युलोसिस केमोथेरपी सेंटर’ उभे राहिले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद असे चौघे त्यात भागीदार होते. ब्रिटिश डॉक्टर वॉलेस फॉक्स यांच्याकडे नेतृत्व होते. कर्मचारी प्रामुख्याने भारतीय. त्यांच्या जोडीला जागतिक आरोग्य संघटनेने पाठवलेले तज्ज्ञ, आणि त्यांत परिचारिकाही होत्या.

प्रयोगाची रचना साधी आणि कठोर होती. शहरातील गरीब वस्त्यांमधील १९३ रुग्ण निवडले गेले. कोणाला घरी उपचार द्यायचे आणि कोणाला सॅनेटोरियममध्ये पाठवायचे, हे डॉक्टरांच्या मर्जीवर न सोडता चिठ्ठी टाकावी तशा यादृच्छिक पद्धतीने ठरले. यामागील तर्क विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावा. निवड डॉक्टरांनी केली असती, तर अधिक आजारी माणसे साहजिकच सॅनेटोरियममध्ये गेली असती आणि तुलना निरर्थक ठरली असती. दोन्ही गटांना तीच औषधे, तेवढ्याच मात्रेत, वर्षभर दिली गेली : आयसोनियाझिड आणि पास. फरक राहिला तो परिस्थितीचा. एका बाजूला खाट, विश्रांती, सकस आहार आणि चोवीस तास देखरेख. दुसऱ्या बाजूला दाटीवाटीची खोली, अपुरे अन्न, आणि थोडे बरे वाटताच कामावर जाण्याची निकड.

घरच्या गटाची खरी अडचण येथे सुरू होते. पासची दिवसाची मात्रा काही ग्रॅममध्ये, म्हणजे आजच्या गोळ्यांच्या मानाने अवाढव्य असे. त्याने मळमळ होई, पोट बिघडे. काही आठवड्यांत खोकला थांबे, ताप उतरे, वजन वाढू लागे, आणि मग बरे वाटत असताना हे कडू ओझे रोज कशासाठी गिळायचे, असा प्रश्न रुग्णाला पडे. सॅनेटोरियममध्ये परिचारिका समोर उभी राहून औषध देत असे. घरी कोण उभे राहणार?

मद्रासच्या केंद्राने यावर जी व्यवस्था बसवली, तिचा कणा परिचारिका आणि हेल्थ व्हिजिटर होत्या. रुग्ण ठरावीक दिवशी केंद्रावर येऊन औषधांचा साठा नेई. जो आला नाही, त्याच्या घरी कोणीतरी जाई. शिवाय पूर्वसूचना न देता घरभेटी होत. शिल्लक मात्रा मोजल्या जात, आणि लघवीचा नमुना घेतला जाई. पास घेतलेल्या माणसाच्या लघवीत विशिष्ट रसायन घातले की रंग बदलतो. त्यामुळे औषध पोटात गेले की खिडकीबाहेर, हे काही क्षणांत समजे. या तपासणीतून एक अप्रिय सत्य बाहेर आले. औषध नियमित घेतो असे मनापासून सांगणारी माणसेही ते अधूनमधून चुकवत होती. फॉक्स यांनी १९५८ मध्ये याच प्रश्नावर स्वतंत्र लेख लिहिला. औषध चुकवणे हा केवळ अडाणी किंवा बेफिकीर माणसाचा दोष नसून दीर्घ उपचारांचा अंगभूत धर्म आहे, ही समज पुढच्या काळात रुजली, तिचे एक मूळ येथे आहे.

घरभेट म्हणजे केवळ पहारा नव्हता, हेही नमूद केले पाहिजे. लघवीची बाटली मागणारी बाई जर फक्त पोलिसासारखी वागली असती, तर दुसऱ्या वेळी तिला दार उघडले गेले नसते. खोकताना तोंड झाकणे, थुंकीची विल्हेवाट, लहान मुलांची तपासणी, औषधाने होणारा त्रास, कामावरून काढून टाकण्याची भीती, सासरी रोग कळला तर काय होईल ही धास्ती : या साऱ्या गोष्टी उंबरठ्यावरच्या संभाषणात येतात. ज्या समाजात क्षयरोग हे लपवण्याचे दुखणे होते, तेथे गणवेशातील स्त्री वारंवार दारात येणे हेही रुग्णाला अडचणीचे ठरू शकते. विश्वास टिकवून पाळत ठेवणे, हे कौशल्य कोणत्याही औषधाच्या वेष्टनावर लिहून देता येत नाही.

१९५९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वर्षअखेरीस घरच्या गटातील ८६ टक्के आणि सॅनेटोरियमच्या गटातील ९२ टक्के रुग्णांचा रोग जंतुपरीक्षेच्या कसोटीवर शांत झाला होता. रुग्णसंख्या लक्षात घेता हा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकेल इतका लहान होता. पाच वर्षांच्या पाठपुराव्यात तर दोन्ही गट जवळजवळ समान, सुमारे नव्वद टक्क्यांवर आले. सॅनेटोरियममधील रुग्णांचे वजन अधिक वाढले होते, त्यांना विश्रांतीही अधिक मिळाली होती. पण रोग हटण्याच्या बाबतीत त्याचा ठळक लाभ दिसला नाही.

एक शंका उरत होती, आणि ती गंभीर होती. रुग्ण घरी राहिल्याने त्याच्या मुलाबाळांना अधिक धोका झाला का? म्हणून कुटुंबीयांचाही पाच वर्षे मागोवा घेतला गेला. दोन्ही गटांतील कुटुंबांत नव्याने रोग होण्याचे प्रमाण सारखेच निघाले. याचे कारण विचार करण्याजोगे आहे. रोगाचे निदान होण्यापूर्वीच्या महिन्यांत, जेव्हा माणूस खोकत असतो आणि कोणाला काही ठाऊक नसते, तेव्हाच बहुतेक संसर्ग होऊन गेलेला असतो. औषध सुरू झाले की संसर्गाचा जोर झपाट्याने ओसरतो. म्हणजे रुग्णाला उचलून दूर नेल्याने कुटुंब वाचत नाही. लवकर ओळखून लवकर औषध सुरू केल्याने वाचते.

मद्रासच्या गरीब वस्त्यांतून निघालेल्या या निष्कर्षाने जगभरच्या सॅनेटोरियमच्या कल्पनेला हादरा दिला. श्रीमंत देशांत सिद्ध झालेले विज्ञान गरीब देशांनी वापरायचे, हा नेहमीचा प्रवाह येथे उलटा वाहिला. याच केंद्रात पुढे आठवड्यातून दोनदा, परिचारिकेच्या समक्ष औषधे देण्याची पद्धत तपासली गेली आणि १९६४ मध्ये ती यशस्वी ठरल्याचे जाहीर झाले. रोजची मात्रा रुग्णावर सोडण्यापेक्षा थोड्या, पण डोळ्यांदेखत दिलेल्या मात्रा अधिक भरवशाच्या, हा विचार तीस वर्षांनी ‘डॉट्स’ या नावाने जगभर पोहोचला.

इथवरची कथा यशाची आहे. पुढचा भाग तसा नाही. १९५९ मध्ये बंगळुरू येथे राष्ट्रीय क्षयरोग संस्था स्थापन झाली आणि १९६२ मध्ये राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम सुरू झाला. घरी उपचार हे त्याचे अधिष्ठान होते. मद्रासचा निष्कर्ष धोरणकर्त्यांनी अतिशय उत्साहाने स्वीकारला, कारण तो स्वस्त होता : खाटा नकोत, इमारती नकोत. पण मद्रासमध्ये खाटेची जागा कशाने भरून काढली होती, याकडे दुर्लक्ष झाले. तेथे खाटेऐवजी परिचारिकेची पावले होती, मोजलेल्या मात्रा होत्या, न आलेल्या माणसाचा शोध होता. जिल्ह्याजिल्ह्यांत गोळ्या पोहोचल्या. ती व्यवस्था पोहोचली नाही. कार्यक्रमाचा १९९२ मध्ये आढावा घेतला गेला, तेव्हा उपचार सुरू केलेल्यांपैकी निम्म्याहून कमी रुग्ण ते पूर्ण करीत असल्याचे दिसले. अर्धवट उपचारांतून औषधांना न जुमानणारा क्षयरोग बळावतो, हे वेगळे सांगायला नको.

असे का झाले? एक कारण निश्चितच निधीचे. दुसरे कारण ज्ञानाच्या नोंदीत दडलेले आहे. वैज्ञानिक अहवालात औषधाचे नाव आणि मात्रा मिलिग्रॅमपर्यंत लिहिली जाते. घरभेट मात्र ‘पद्धती’ या शीर्षकाखाली चार-दोन वाक्यांत आटोपते. मद्रासचा पहिला अहवाल केंद्राच्या नावाने निघाला. पुढील निबंधांवर आली ती नावे मुख्यतः डॉक्टरांची आणि संख्याशास्त्रज्ञांची. जे काम निबंधात घटक म्हणून मोजले जात नाही, ते अंदाजपत्रकातही घटक म्हणून येत नाही. प्रयोगाची ‘पार्श्वभूमी’ समजली गेलेली गोष्ट खरे तर उपचाराचाच भाग होती.

मद्रासच्या निष्कर्षाचा आणखी एक उतावीळ अर्थ काढला गेला : आहाराला महत्त्व नाही. प्रयोगाने म्हटले होते ते एवढेच की, प्रभावी औषधे नियमित मिळाली तर अपुऱ्या आहारातही रोग हटतो. भूक निरुपद्रवी आहे, असे त्याने कोठेही म्हटले नव्हते. या प्रश्नाकडे अलीकडे नव्याने पाहिले गेले. झारखंडमधील ‘रेशन्स’ या चाचणीचे निष्कर्ष ऑगस्ट २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. २,८०० रुग्णांच्या १०,३४५ कुटुंबीयांचा त्यात समावेश होता. ज्या कुटुंबांना धान्य-डाळींचा अतिरिक्त शिधा मिळाला, त्यांच्यात नव्याने क्षयरोग होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी आढळले. चेटपेटचे तेच केंद्र आज राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था म्हणून ओळखले जाते आणि ते या अभ्यासातही सहभागी होते. दोन्ही निष्कर्षांत विरोध नाही. औषध रुग्णाला बरे करते; अन्न त्याच्या घरातील पुढचा रुग्ण टाळते. आणि येथेही शिधा महिनोन्‌महिने दारापर्यंत नेणारी, वजनाची नोंद ठेवणारी माणसे होती, हे विसरता कामा नये.

आंतरराष्ट्रीय सहकार्याचा प्रवाह आता दिशा बदलून वाहतो आहे. पन्नासच्या दशकात बाहेरून परिचारिका-शिक्षिका भारतात येत होत्या. आज केरळपासून ईशान्येपर्यंतच्या भारतीय परिचारिका आखाती देशांत, ब्रिटनमध्ये आणि इतरत्र रुग्णालये चालवतात. ही अभिमानाची बाब आहेच. पण ज्या देशात जगातील सुमारे एक-चतुर्थांश क्षयरुग्ण आढळतात, त्या देशाने आपल्या वस्त्यांमध्ये फिरणाऱ्या परिचारिकांची मोजदाद करणे अगत्याचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये आरोग्य-कर्मचाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय भरतीसाठी आचारसंहिता स्वीकारली, ती याच जाणिवेतून : एका देशाची गरज भागवताना दुसऱ्या देशाच्या दुर्बल घटकांची परवड होऊ नये.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी मद्रासच्या प्रयोगातून यादृच्छिक तुलनेचे तंत्र जरूर शिकावे. त्याबरोबरच कोणताही यशस्वी प्रयोग वाचताना एक प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी : या यशातला किती वाटा औषधाचा आणि किती वाटा ते औषध माणसापर्यंत नेणाऱ्या हातांचा? पहिला वाटा कारखान्यात तयार होतो आणि वेष्टनात बांधून कोठेही पाठवता येतो. दुसरा वाटा माणसे नेमून, त्यांना शिकवून, त्यांना वेतन आणि मान देऊनच उभा करावा लागतो. १९६२ नंतरच्या तीस वर्षांनी हा फरक आपल्याला फार मोठी किंमत घेऊन शिकवला आहे.